माळ्यावरच्या वहाणा

सोलापुरात वेळ सांगायला मिलचे भोंगे होते, पण शुक्रवार पेठेचा भोंग्यावर फारसा विश्वास नव्हता. भोंगा वाजवणारा माणूसच. त्याला कधी डुलकी लागायची, कधी तंबाखूची तल्लफ यायची. सुंदरम्माच्या वहाणांना असली व्यसनं नव्हती. सकाळी सहाला त्या करकर करत सिद्धेश्वराच्या देवळाकडे निघाल्या की गल्लीतल्या म्हशी आपणहून पान्हा सोडायच्या आणि कोपऱ्यावरचा तिप्पण्णा न्हावी वस्तऱ्याला धार लावायला घ्यायचा. त्या करकरीवर एकानं आपलं बंद पडलेलं घड्याळ लावलं होतं म्हणे, ते तेव्हापासून चालू आहे, चावीसुद्धा द्यावी लागत नाही. ज्याला हे खोटं वाटेल त्यानं पेठेत जाऊन विचारावं. पेठेत खोटं कुणी बोलत नाही, थोडं वाढवून सांगतात इतकंच.

मोठ्या दुष्काळाला दोन वर्षं होऊन गेली होती. मार्गशीर्षाची थंडी पडली होती. सुंदरम्मा तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. नवरा गुरुबसप्पा जाऊन नऊ वर्षं झाली होती. भुसाराचं दुकान मुलगा पंचाक्षरी बघायचा, घर सून जगदेवी बघायची, आणि दोघांवर नजर ठेवायचं काम सुंदरम्मांकडे होतं. त्या दिवशीही देवळातून आल्यावर त्या मागच्या पडवीत शेंगाची चटणी कुटायला बसल्या.

"अत्ती, द्या की हिकडं, मी कुटते," जगदेवी म्हणाली.

"तू कुटलीस तर चटणी हुईल. तेल सुटायचं न्हाई," सुंदरम्मा म्हणाल्या आणि खोकल्या.

तो खोकला तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी बरगडीत कळ आली, अंग तव्यासारखं तापलं. पंचाक्षरीनं टांगा आणला. "टांगा कशाला? सात रस्त्याच्या पुढंच तर हाय दवाखाना," असं म्हणून सुंदरम्मा पायीच निघाल्या. मागून रिकामा टांगा, पुढं तापलेली म्हातारी, अशी ती मिरवणूक दवाखान्यात पोचली. दवाखान्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. भिंती होत्या, खाटा होत्या, फिनेलचा वास होता, तेवढं पुरे.

पायऱ्या चढून, बायकांच्या वॉर्डात आपली खाट आपण शोधून त्या तिच्यावर बसल्या. हे लक्षात ठेवायचं. त्या पायांनी आल्या होत्या.

मोठ्या डॉक्टरांनी छाती तपासली. "न्यूमोनिया आहे. इंजेक्शनं देऊ. तीन दिवस उठवायचं नाही."

तीन दिवस हे डॉक्टरांचं माप होतं. घराण्याचं माप वेगळं होतं.

त्याच संध्याकाळी जगदेवीनं खाटेखालच्या वहाणा काढल्या, पदरानं पुसल्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळल्या आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवून ती म्हणाली, "अत्ती, आता तुमचे पाय आमी."

हे शब्द तिचे नव्हते. त्या घरात चार पिढ्या ते म्हटले जात होते. घरातलं मोठं माणूस अंथरुणाला लागलं की त्याच्या वहाणांना गोडं तेल लावायचं आणि त्या माळ्यावर ठेवायच्या. एरवी चामड्याला उंबऱ्याच्या आत येऊ न देणारं घर, पण या वहाणांचा मान मोठा. त्यांचा अर्थ असा, की आता तुम्ही चालायचं नाही, पाणी मागायला बोटसुद्धा उचलायचं नाही. लेकरंसुना तुमचे हातपाय. माळ्यावर तीन जोड होते. सासऱ्यांचा, सासूबाईंचा, गुरुबसप्पांचा. वर गेलेला जोड खाली आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याचं कुणाला नवलही वाटलं नव्हतं, कारण वर गेलेली माणसं खाली यायची नाहीतच, असं सगळे धरून चालले होते.

तापाच्या ग्लानीत सुंदरम्मांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना बरंच वाटलं. हेच शब्द त्यांनी स्वतः तीन वेळा म्हटले होते.

*

पाचव्या दिवशी ताप उतरला. सुंदरम्मांना भूक लागली आणि पाय खाली सोडून बसावंसं वाटलं. त्यांनी गुडघा हलवला मात्र, दोन्हीकडून हात आले.

"एळब्याड्री अत्ती! उठू नका!"

"अगं, बसते नुसती."

"बसायचं कशाला? मी हाय की."

जगदेवी होती. पंचाक्षरी होता. पंचाक्षरीची चुलतभावजय होती, दुकानातला निंगप्पा दारात उभा होता. एक भरवायचा, एक पाय चेपायचा, एक कुशीवर वळवायचा. तोंडावर बसलेली माशीसुद्धा सुंदरम्मांना स्वतः उडवू देत नव्हते. त्यांना लाज वाटायची ती एका गोष्टीची. संडास व्हरांड्याच्या टोकाला, वीस पावलांवर होता, आणि तरी खाटेवरच भांडं यायचं. आयुष्यात कुणाला आपला उष्टा तांब्या उचलू न दिलेली बाई भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायची.

आठव्या दिवशी अक्कलकोटहून अक्कम्मा आली. ही गुरुबसप्पांची थोरली बहीण. वय सत्तर, आवाज सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजापुढं वाजणाऱ्या हलगीसारखा, पायात जाड तळाच्या कोल्हापुरी. ती वॉर्डात आली तेव्हा एका झोपलेल्या बाईनं भूकंप समजून देवाचं नाव घेतलं होतं, अशी आठवण सिस्टर सांगतात. स्टूल ओढून ती बसली, वहाणा काढून खाटेखाली सरकवल्या आणि आधी सुंदरम्मांच्या टाचा बघितल्या.

"मऊ पडायला लागल्यात," ती समाधानानं म्हणाली. "शाबास जगदेवी. माझ्या सासूनं तीन वर्सं जमिनीला पाय लावला न्हवता. गेली तवा टाचा कशा, तान्ह्या पोरासारख्या! सगळं गाव बघायला आलंतं."

"अक्का, मला चालावंसं वाटतंय," सुंदरम्मा म्हणाल्या.

"वाटणारच. वाटू नये तर सेवा कशाची? तू गप पड. माझ्या भावाची तू जी सेवा केलीस ती अजून अक्कलकोटात सांगतात. सुनेला पण करू दे की, सुंदव्वा. का समदं पुण्य एकटीच घेणार?"

यावर वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरची गोजरबाई मात्र हसली नाही. तिला हसायला वेळच नव्हता.

ही गोजरबाई नातेपुत्याची, सुंदरम्मांच्याच दिवशी दाखल झालेली. तिलाही हाच आजार. मुलानं तिला खाटेवर ठेवलं आणि ज्वारी हुरड्यात आहे, पाखरं राखायची आहेत, म्हणून तो त्याच एसटीनं परत गेला. तिच्या खाटेजवळ कुणी नव्हतं. पाणी हवं तर ती भिंत धरून नळापर्यंत जायची. संडासला जायची. तिसऱ्या दिवशी तिला घेरी आली तर खाली बसून राहिली आणि थोड्या वेळानं पुन्हा उठली. आठव्या दिवशी ती वॉर्डातल्या चार जणींचे तांबे भरून आणत होती. सिस्टर ओरडायची, "ए म्हातारे, राउंडच्या टायमाला खाटेवर पडून राहा, चादर विस्कटते!" मग गोजरबाई तेवढ्यापुरती पडायची आणि डॉक्टर दाराबाहेर गेले की पुन्हा उठायची.

"बिचारीला कोण न्हाई," जगदेवी हळहळली आणि तिला अर्धी भाकरी दिली.

"व्हय बाय," भाकरी घेत गोजरबाई म्हणाली. "तुमच्या सासूला पाच मानसं हाईत. मला माजी दोन तंगडी."

*

दहाव्या दिवशी दुपारी जगदेवी स्वयंपाकाला घरी गेली. अक्कम्मा स्टुलावर घोरत होती. सुंदरम्मांनी चादर बाजूला केली आणि पाय खाली सोडले. फरशी गार लागली. किती दिवसांनी! त्या उभ्या राहिल्या.

म्हणजे, उभं राहायचं असं त्यांनी ठरवलं. पायांनी ठरवलं नव्हतं. ज्या पायांनी सकाळी सहाला पेठेचं घड्याळ लावलं, ते उकडलेल्या शेवयांसारखे दुमडले. गोजरबाईनं धावून कंबर धरली नसती तर डोकं लोखंडी कडेवर आपटलं असतं.

"माझं पाय कुटं गेलं?" सुंदरम्मा कुजबुजल्या. चाळीस वर्षांत त्यांचा आवाज इतका बारीक कुणी ऐकला नव्हता.

"हाईत की. झोपल्यात," गोजरबाई म्हणाली. "बैल खुट्याला म्हैनाभर बांदला तर त्यो बी धड चालत न्हाई."

तेवढ्यात जगदेवी डबा घेऊन दारात आली. डबा तिच्या हातातून सुटला. सासूला खाटेवर घालून ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, ओठ चावून.

"अत्ती, तुमी पडला असता तर? पेठेनं मला जगू दिलं असतं का? मामंजींना तुमी अकरा म्हैने फुलासारखं ठिवलं, लोक अजून मला सांगतात, 'तुझ्या सासूसारखी सेवा कुणी केली न्हाई.' आता मी कशात कमी पडू? सांगा की!"

अक्कम्मा जागी झाली होती. तिनं काय झालं ते ऐकलं, पिशवीतून एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं इरकली लुगडं काढलं आणि त्याचा लांब पट्टा फाडला.

"बांधा. मायेनंच बांधायचं, ढिलं."

जगदेवीनं मायेनंच बांधलं, ढिलं. सासूच्या कमरेवरून, खाटेखालून, वर गाठ. संध्याकाळी पंचाक्षरी आला. गाठ बघून त्याचे डोळे भरले. "किती काळजी घेता तुमी अव्वाची," तो बायकोला आणि आत्याला म्हणाला. समोरच्या खाटेवरच्या बाईनं आपल्या लेकीला ते दाखवलं, की बघ, माणसं असावीत तर अशी.

आता सुंदरम्मांना फक्त छत होतं. छताला एक पंखा होता, बटण बिघडल्यामुळं थंडीतही हळूहळू फिरणारा, त्याला तीन पाती, त्यातलं एक वाकडं. ते वाकडं पातं फिरताना टक्, टक् करायचं. टाचेला आग व्हायला लागली होती, तिथं लाल चट्टा पडला होता. "टाच दुखतीया," असं म्हटलं की जगदेवी टाच चोळायची, मग आणखी दुखायची. डाव्या कुशीला वळावंसं वाटलं तर सांगावं लागे, आणि सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी त्यात पाणी घालायचं. मनात येईल ते तोंडापर्यंत येण्याआधी कुणीतरी ते करून टाकत होतं, आणि हवं ते एकच करत नव्हतं. ओरडावं तर कुणावर? सगळे हात जोडून उभे.

बाराव्या दिवशी त्या वाकड्या पात्याकडे बघता बघता त्यांना गुरुबसप्पा आठवले.

गुरुबसप्पांना विषमज्वर झाला होता. दवाखान्यात चालत गेले, पंधरा दिवसांनी ताप गेला आणि स्ट्रेचरवरून घरी आले. घरी पुढच्या सोप्यात खाट मांडली होती. पहिल्या सकाळी ते म्हणाले, "सुंदरा, माझ्या वहाणा कुठायत?" त्या हसल्या आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आता तुमचे पाय मी." दुसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या. महिनाभर रोज विचारत होते. एकदा अर्ध्या उठलेल्या गुरुबसप्पांना त्यांनी स्वतःच्या हातांनी परत झोपवलं होतं. खांदा दाबून. मग त्यांनी विचारायचं सोडलं. पेठ म्हणाली, "बघा, कसे समाधानी झाले." पाठीला जखमा झाल्या, त्यांत सुंदरम्मांनी रोज हळद भरली. अकराव्या महिन्यात ते गेले. तिरडीमागून चालताना बायका म्हणत होत्या, सेवा करावी ती सुंदरम्मानं.

पंख्याचं पातं टक् टक् करत राहिलं. त्यांना एकसारखं वाटत होतं, की ते पातं विचारतंय. वहाणा कुठायत. वहाणा कुठायत.

*

सकाळी मोठ्या डॉक्टरांच्या आधी एक तरुण डॉक्टर नाडी बघायला यायचे. नाव शिवशरण. इतके हळू बोलायचे, की नाडीचा आकडा त्यांना स्वतःलाच दोनदा विचारावा लागे. जगदेवी नळावर गेली होती. सुंदरम्मांनी त्यांचं मनगटच धरलं.

"डॉक्टर, खरं सांगा. माझे पाय आजारानं गेले का?"

शिवशरणांनी आजूबाजूला पाहिलं. "नाही आजी. ताप तर आठवड्यापूर्वीच गेला. पाय गेले ते पडून राहिल्यामुळे. म्हाताऱ्या माणसाचे पाय वापरले नाहीत की फार लवकर गळतात. अजून परत येतील. पण रोज थोडं थोडं बसून, उभं राहून, चालून. घरी नेऊन असंच खाटेवर ठेवलं तर मग नाही येणार."

"हे माझ्या मुलाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. ते म्हणाले, 'डॉक्टर, तुमची आई असती तर तुम्ही तिला उठवलं असतं का?'"

"मग?"

"मग मी गप्प बसलो." डॉक्टरांनी नाडी सोडली, पण हात सोडला नाही. "माझी आई दीड वर्ष खाटेवर आहे, आजी. मांडी मोडली होती, हाड जुळलं. आम्ही चौघे भाऊ तिला खाली उतरूच देत नाही."

नळावरून जगदेवी येताना दिसली, तसे ते पुढच्या खाटेकडे वळले.

त्या दुपारपासून एक कट शिजला. कटाच्या सूत्रधार दोघी, पहारेकरी एक घोरणारी अक्कम्मा. जगदेवी स्वयंपाकाला घरी गेली आणि अक्कम्माचं घोरणं ऐन रंगात आलं की गोजरबाई यायची आणि लुगड्याची गाठ सोडायची. "गाठ कसली बांदलीया," ती म्हणायची, "आमची रेडी बी सोडवल." पहिल्या दिवशी नुसतं बसायचं. पाय लोंबकळत सोडायचे. घेरी आली की थांबायचं, डोळे मिटायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी खाटेची कड धरून उभं, मिलचा भोंगा वाजायला लागल्यापासून थांबेपर्यंत. सोलापूरच्या इतिहासात इतका लांबलेला भोंगा दुसरा नसेल. सुंदरम्मांना वाटलं, तो माणूस तंबाखू मळत बसलाय आणि हात भोंग्याच्या साखळीवरच विसरलाय.

"पुरं?" गोजरबाईनं विचारलं.

"भोंगा थांबला का?"

"अजून न्हाई."

"मग पुरं न्हाई."

इतर वेळी चादरीखाली पावलं वर-खाली, वर-खाली. अक्कम्माला वाटायचं, भावजयीला मुंग्या आल्या. ती आणखी जोरात चेपायची. सोळाव्या दिवशी सुंदरम्मा दोन खाटांमधलं अंतर चालल्या. चार पावलं. खाटेवर बसल्या तेव्हा त्यांनी तोंडात पदर कोंबला, कारण हसू आवरेना.

सतराव्या दिवशी गोजरबाईला घरी सोडलं. न्यायला कुणी आलं नव्हतं. तिनं खाटेखालून आपली झिजलेली पायताणं काढली, झटकली, घातली.

"दुष्काळात खडी फोडली मी. तवा बी हेच पाय व्हते," ती म्हणाली. मग वाकून हळूच, "आक्का, तुमच्या मानसांत खोट न्हाई. पर लई माया केली तरी मानूस गुदमारतं. येते मी."

आणि ती एकटी, पायऱ्या उतरून, एसटी स्टँडच्या दिशेनं चालत गेली. जगदेवी म्हणाली, "बिचारी." सुंदरम्मांनी पहिल्यांदाच सुनेकडे असं बघितलं, की जगदेवीला आपण काय चुकीचं बोललो ते कळेना, पण काहीतरी बोललो एवढं कळलं.

*

एकविसाव्या दिवशी सोडायचं ठरलं. मोठे डॉक्टर खाटेपाशी अर्धं मिनिट थांबले. "छाती साफ आहे. घेऊन जा. वय झालं, आता खाटेवरच सांभाळा." पंचाक्षरीनं सोप्यात नवी खाट मांडून ठेवली होती, निवार कोरी, उशीला भरतकाम. स्ट्रेचर आणलं. निंगप्पा पायांकडं, पंचाक्षरी डोक्याकडं उभा राहिला. अक्कम्मा स्टुलावरून सूचना देत होती.

"मान सांभाळ रे पंचा. पाय लोंबू देऊ नको."

जगदेवीनं पट्टा सोडला.

"थांबा," सुंदरम्मा म्हणाल्या.

त्या उठून बसल्या. पाय खाली सोडले. पंचाक्षरी पुढं झाला तर त्यांनी नुसता हात वर केला. दुकानात तो चुकीचं माप घालायला लागला की करायच्या तसा. मग पायाच्या बोटांनी खाटेखाली चाचपलं. तिथं अक्कम्माच्या कोल्हापुरी होत्या. एक पाय गेला. दुसरा गेला.

"अगं, त्या माझ्या हाईत!"

"ठाऊक हाय अक्का. माझ्या माळ्यावर गेल्यात."

"मग मी काय घालू?"

"तुमी पडा की हितं," सुंदरम्मांनी खाट दाखवली. "गादी गरम हाय. आमी सेवा करतो. तीन वर्सं जमिनीला पाय लावू देणार न्हाई."

अक्कम्मा खाटेकडे बघत स्टुलावरून अशी उठली, जणू ते स्टूलच तापलं. अनवाणी पायांनी ती भिंतीला टेकली ती टेकलीच.

सुंदरम्मा उभ्या राहिल्या. घेरी आली, त्या थांबल्या, डोळे मिटले नाहीत. पंचाक्षरी "अव्वा!" म्हणत दोन्ही हात पसरून आला.

"हात दे," त्या म्हणाल्या. "उचलू नको."

त्यानं हात दिला. बाहेरच्या पायरीपर्यंत चाळीस पावलं होती. सांगणारे सांगतात, की त्या चाळीस पावलांना इतका वेळ लागला, की बाहेरच्या टांगेवाल्याचा घोडा म्हातारा झाला. तेवढं काही नाही, पण दोनदा टेकावं लागलं, आणि एकदा सुंदरम्मा अशा कलल्या की जगदेवीच्या तोंडून किंकाळी फुटली. दारात शिवशरण डॉक्टर उभे होते. ते बाजूला झाले. तिसऱ्या प्रहरी त्यांनी आईसाठी रजा टाकली आणि गावी गेले, असं कळतं.

घरी पोचल्यावर सुंदरम्मा नव्या खाटेवर बसल्या नाहीत. उंबऱ्यात बसल्या. "जगदेवी, माळ्यावर चढ. समद्या काढ."

चार जोड खाली आले. तेलानं काळे पडलेले, फडक्यात गुंडाळलेले. सुंदरम्मांनी गुरुबसप्पांचा जोड उघडला. आत पाच बोटांचे पाच खळगे अजून होते. त्यांनी एका खळग्यात आपलं बोट ठेवलं.

"म्हैनाभर इचारत होते," त्या म्हणाल्या. "माझ्या वहाणा कुठायत म्हणून. मी हसत होते, पोरी. उठत होते तर मीच खांदा दाबला."

"अत्ती, तुमी तर सेवा—"

"ती सेवा मी तुला शिकवली. आता हे बी माझ्याकडनंच शिक. असल्या सेवेला न्हाई म्हणायला."

जगदेवी खाली बसली. सासूच्या सुजलेल्या पावलाला हात लावावा की नाही तिला कळेना. मग तिनं सुंदरम्मांच्या वहाणा उचलल्या, पदरानं पुसल्या आणि त्यांच्या पायांपुढे नीट, टाचा आत बोटं बाहेर, अशा मांडून ठेवल्या.

देवळापर्यंत जायला महाशिवरात्र उजाडली. करकर आता सहाला नाही, सातला ऐकू यायची, आणि सोबत काठीची टकटक. तिप्पण्णानं आपलं घड्याळ तासानं मागं केलं. पेठेत कुणाचं म्हातारं माणूस दवाखान्यात गेलं की सुंदरम्मा तिथं पोचायच्या. फळं न्यायच्या नाहीत. त्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या वहाणा मागून घ्यायच्या आणि खाटेखाली ठेवून यायच्या. डॉक्टरला विचारायच्या, "आज उठवायचं का? न्हाई? मग कवा, दिवस सांगा." काही घरांनी त्यांना दारातून परत पाठवलं. आईच्या जिवावर उठलेली म्हातारी, असंही बोलले. अशा घरांपुढून जाताना त्या वहाणा जरा जास्तच करकरायच्या.

पुढच्या थंडीत अक्कलकोटहून निरोप आला. अक्कम्मा पडली, पाय मुरगळला, ताप आहे, सोलापूरला आणलंय. डॉक्टरांना गाठून, दिवस विचारून सुंदरम्मा वॉर्डात शिरल्या तेव्हा तीच खाट होती, तेच वाकडं पातं. अक्कम्माच्या तीन सुना तिचे पाय चेपत होत्या. थोरल्या सुनेच्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

सुंदरम्मांनी हात पुढं केला. सून घुटमळली. सासूकडं बघायला लागली.

अक्कम्मा पंख्याकडं बघत होती. हलगीसारखा तो आवाज अगदी बारीक आला.

"सुंदव्वा... माझ्या वहाणा हितंच हाईत न्हवं?"

सुंदरम्मांनी सुनेच्या काखेतलं फडकं घेऊन सोडलं, कोल्हापुरी खाटेखाली ठेवल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"हितंच हाईत अक्का. डॉक्टर म्हणाले, परवा. परवा सकाळचा भोंगा झाला की पाय खाली सोडायचे. मी येते."